वेट नर्सची नोकरी सांभाळून टीचिंग क्वालिफिकेशन कसं करायचं: सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी इंग्लंडमध्ये आरव्हीएन आहे, म्हणजे रजिस्टर्ड व्हेटरनरी नर्स. मूळची कराडची. प्रॅक्टिसमध्ये (म्हणजे जनावरांच्या दवाखान्यात) फुल टाइम काम करत आधी छोटा एईटी (शिकवण्याचा सुरुवातीचा कोर्स) केला, मग असेसरचं सर्टिफिकेट आणि मग दोन वर्षं पार्ट टाइम सर्ट-एड, म्हणजे शिकवण्याचा मोठा कोर्स. आता आठवड्यातले तीन दिवस कॉलेजात वेट नर्सिंग शिकवते आणि एक दिवस क्लिनिकमध्ये असते. इकडे आलेल्या मराठी पोरी (आणि दोन पोरं) तेच तेच प्रश्न फोन करून विचारतात, आणि मी पण तेच तेच उत्तर भाजी चिरता चिरता देते, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकलं. हे सगळं मुख्यतः इंग्लंडबद्दल आहे, स्कॉटलंड वेल्सचं थोडं खाली आहे.

वेट नर्स म्हणजे नक्की काय ओ? गावाकडे तर असं काही नसतं.

गावाकडच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टर असतात, पशुधन पर्यवेक्षक असतात, व्रणोपचारक असतात. वेट नर्स यातलं नेमकं कोणीच नाही. इथे दोन-तीन वर्षांचं लेव्हल 3 डिप्लोमाचं किंवा डिग्रीचं शिक्षण घ्यावं लागतं, त्यात 1,800 तास प्रत्यक्ष क्लिनिकमध्ये काढायचे, मग आरसीव्हीएसच्या (रॉयल कॉलेज ऑफ व्हेटरनरी सर्जन्स, इथली नोंदणी करणारी संस्था) रजिस्टरवर नाव. भूल दिलेल्या जनावराचं मॉनिटरिंग, सलाईन, एक्स-रे, लॅब, ड्रेसिंग, आयसीयू, डॉक्टरने सांगितलं तर छोटी सर्जरीसुद्धा.

हे ट्रेनिंग 1961 मध्ये सुरू झालं तेव्हा नावात नर्स शब्द वापरायची परवानगीच नव्हती, 'अ‍ॅनिमल नर्सिंग ऑक्झिलरी' म्हणायचे, 'व्हेटरनरी नर्स' हे नाव मिळायला 1984 उजाडलं. आमच्या सासूबाई अजून सगळ्यांना सांगतात सून हॉस्पिटलमध्ये नर्स आहे, मी पण आता दुरुस्त करायचं सोडलंय.

मी ऑलरेडी क्लिनिकल कोच आहे, स्टुडंटला शिकवतेच की. मग वेगळं क्वालिफिकेशन कशाला?

हा नंबर एकचा प्रश्न. क्लिनिकल कोच म्हणजे तुमच्या ट्रेनिंग प्रॅक्टिसमध्ये स्टुडंट नर्सला हाताशी धरून डे वन स्किल्स (नोकरीच्या पहिल्या दिवसापासून यायला हवीत ती कामं) शिकवणारी आणि तिचा ई-पोर्टफोलिओ साइन ऑफ करणारी. त्यासाठी कॉलेज तुम्हाला छोटं ट्रेनिंग देतं आणि दरवर्षी स्टँडर्डायझेशनला (सगळ्या कोच एकाच मापाने तपासतात ना हे बघायला) बोलावतं. पण ते रोलचं ट्रेनिंग आहे, क्वालिफिकेशन नाही. उद्या कॉलेजात लेक्चररची जाहिरात आली की त्यात बहुतेक वेळा लिहिलेलं असतं 'टीचिंग क्वालिफिकेशन असलेले किंवा करायची तयारी असलेले', तिथे नुसतं कोचिंग दाखवून इंटरव्ह्यूपर्यंत जाता येईल, पण पुढे क्वालिफिकेशन करावंच लागतं.

आणि दुसरं म्हणजे, एका पोरीला प्रेप रूममध्ये शेजारी उभं करून कॅन्युला लावायला शिकवणं आणि अठरा जणांच्या वर्गाला शुक्रवारी दुपारी तीन वाजता किडनी शिकवणं यात फार फरक आहे. कोचिंगमध्ये जनावर समोर असतं, पोरीचं लक्ष आपोआप असतं, कारण मांजर चावेल. वर्गात चावायला कोणी नसतं.

तरी कोचिंग सोडू नका. पुढे तासांचा प्रश्न येईल तेव्हा तेच कामाला येतं.

जाहिरातीत कुठे पीटीएलएलएस, कुठे एईटी, कुठे डीईटी, कुठे सर्ट-एड लिहिलेलं असतं. हे काय आहे सगळं?

नावं बदलत गेली म्हणून हा घोळ. थोडक्यात सांगते. 2007 मध्ये इंग्लंडच्या एफई कॉलेजांसाठी (म्हणजे शाळेनंतरचं व्होकेशनल शिक्षण, आपल्याकडचं आयटीआय आणि डिप्लोमा मिळून जे होईल ते) पीटीएलएलएस, सीटीएलएलएस, डीटीएलएलएस अशी तीन पायऱ्यांची शिडी आली. 2013 मध्ये त्याच शिडीला नवी नावं दिली: लेव्हल 3 अवॉर्ड म्हणजे एईटी, लेव्हल 4 सर्टिफिकेट म्हणजे सीईटी, लेव्हल 5 डिप्लोमा म्हणजे डीईटी. त्याच वर्षी क्वालिफिकेशन असलंच पाहिजे ही कायद्याची सक्ती पण काढून टाकली, आता कॉलेज स्वतः ठरवतं. आणि 2024 च्या सप्टेंबरपासून डीईटीच्या जागी नवा लेव्हल 5 डिप्लोमा इन टीचिंग आलाय.

युनिव्हर्सिटीतून करायचं असेल तर डिग्रीवाल्यांना पीजीसीई आणि डिग्री नसलेल्यांना सर्ट-एड. वर्गात दोघं शेजारी बसतात, बराचसा अभ्यास सारखाच असतो. माझं बी.कॉम.चं शेवटचं वर्ष लग्नाच्या गडबडीत राहिलं ते राहिलंच, म्हणून मी सर्ट-एडवाली.

जुनं पीटीएलएलएस कोणाकडे असेल तर फेकू नका, लेव्हल 3 च्या जागी बरेच जण अजून धरतात.

मग सुरुवात कुठून करू?

एईटी. डोळे झाकून एईटी. 12 क्रेडिटचा आहे, 48 तास ते आपल्याला शिकवतात, बाकी घरचा अभ्यास, काही ठिकाणी आठवड्यातून एक संध्याकाळ, काही ठिकाणी ऑनलाइन. यात प्रत्यक्ष वर्गावर शिकवायची अट नाही, नोकरी कुठे करता हे कोणी विचारत नाही. शेवटी एक मायक्रोटीच द्यायचं, म्हणजे आपल्याच बॅचला एक छोटा धडा शिकवायचा, किमान 15 मिनिटांचा, आणि दुसऱ्यांचं बघायचं. तीन महिन्यात कळतं की हे आपल्याला आवडतंय का. मला दोघीजणी माहिती आहेत ज्यांना मायक्रोटीचनंतर कळलं की नाही आवडत, त्या आनंदाने परत ऑपरेशन थिएटरमध्ये गेल्या, काहीशे पौंडात सुटल्या. हेच दोन वर्षांचा कोर्स घेऊन कळलं असतं तर?

मायक्रोटीचमध्ये काय शिकवायचं? बाकीच्यांना तर आपलं फील्ड माहिती नसतं.

तीच तर मजा आहे. माझ्या बॅचला एक प्लंबर, एक हेअरड्रेसर, दोन जिम ट्रेनर, एक केअर होममधल्या बाई आणि एक अकाउंटंट. मी आधी ठरवलेलं भूल दिलेल्या पेशंटचं मॉनिटरिंग शिकवायचं, स्लाइड पण 22 केल्या होत्या. ट्यूटरने बघितलं आणि फक्त विचारलं, पंधरा मिनिटांनी यांना हाताने काय करता आलं पाहिजे? मला उत्तर देता येईना.

मग सगळं टाकलं आणि घाबरलेल्या मांजराला टॉवेलमध्ये गुंडाळायचं कसं ते घेतलं. चॅरिटी शॉपमधून खेळण्यातली मांजरं आणि घरचे टॉवेल. आपल्याकडे बाळाला दुपट्यात गुंडाळतात ना, डावी बाजू आधी, मग खालून वर, मग उजवी घट्ट, अगदी तसंच, फक्त मानेपाशी एवढी जागा ठेवायची की आपली दोन बोटं आत जातील आणि मांजराचे पुढचे पाय बाहेर येणार नाहीत. मी माझ्या पोराला तसंच गुंडाळायचे, त्यामुळे हात आपोआप चालतात. आणि तिथेच चुकलं. मी भराभर तीन वेळा करून दाखवलं, खूप छान बोलले, जोक पण मारला एक, आणि घड्याळात बघते तर बारा मिनिटं संपलेली. उरलेल्या तीन मिनिटांत त्यांनी करून बघितलं तर प्लंबरच्या मांजराचे चारही पाय बाहेर.

फीडबॅक आला तो एका ओळीचा होता: तुम्ही उत्तम केलंत, त्यांनी कधी केलं?

पास झाले मी, पासच करतात बहुतेक. पण ती ओळ मी अजून लेसन प्लॅनच्या वर पेन्सिलीने लिहिते. तुम्ही करताना पंधरातली किमान आठ मिनिटं त्यांच्या हातात द्या, विषय इतका छोटा घ्या की लाज वाटेल. पट्टीचा एक थर, हात धुण्याच्या पायऱ्या, स्टेथोस्कोप कुठे ठेवायचा, बास.

असेसरचं सर्टिफिकेट म्हणजे टीचिंगचंच का?

नाही, वेगळं. असेसर म्हणजे स्टुडंटला काम येतं की नाही हे पुराव्यानिशी ठरवणारा. त्याचं लेव्हल 3 चं सर्टिफिकेट असतं, लोक बोलताना 'कावा' म्हणतात, त्याच्याआधी ए-वन होतं, त्याच्याही आधी डी-32 डी-33, जुन्या नर्सेस अजून तेच नाव घेतात. कॉलेजात शिकवायचं तर दोन्ही असलेलं चांगलं, आणि क्लिनिकल कोचला हे तुलनेने सोपं जातं कारण पुरावे गोळा करायची सवय असते. मी एईटीनंतर लगेच केलं. कंटाळवाणं आहे. पण वेट नर्सिंगच्या प्रॅक्टिकल परीक्षेत, म्हणजे ऑस्कीत, एक्झामिनर व्हायचं मनात असेल तर असेसमेंटचा अनुभव कागदावर दिसलेला बरा.

मोठा कोर्स, म्हणजे लेव्हल 5 किंवा सर्ट-एड, नोकरी करत जमतो का?

जमतो. पण अ‍ॅडमिशन घ्यायच्या आधी एकच गोष्ट बघा, फी नाही, कॉलेज किती लांब तेही नाही: तुमच्याकडे शिकवायचे तास आहेत का?

कोर्स मिळणं सोपं आहे हो, पैसे भरले की मिळतो. तास मिळणं अवघड. माझ्या वेळी दोन वर्षांत किमान 100 तास खऱ्या विद्यार्थ्यांना खरं शिकवायचं होतं आणि त्यातली आठ वेळा कोणीतरी मागे बसून बघायचं होतं. नव्या लेव्हल 5 ला तास त्याहून बरेच जास्त मागतात, तुमच्या कोर्सवाल्यांकडून तो आकडा आधी लेखी घ्या. आणि क्लिनिकमध्ये ऑपरेशन चालू असताना स्टुडंटला चार गोष्टी सांगितल्या ते यात धरत नाहीत. लेसन प्लॅन हवा, ग्रुप हवा, सलग काही आठवडे हवेत. पहिल्या सेमिस्टरला माझ्याबरोबर आणखी एक वेट नर्स होती, हुशार, माझ्यापेक्षा कितीतरी हुशार, तिने फी भरली आणि मग तास शोधायला लागली, जानेवारीपर्यंत अकरा तास झाले होते, मार्चला सोडलं तिने. फी गेली ती गेलीच.

मी तास कसे जमवले ते सांगते, क्रमाने नाही, जसं आठवेल तसं. आमच्या जवळच्या कॉलेजला मंगळवारी संध्याकाळी अ‍ॅनिमल केअरच्या मुलांचा वर्ग होता, तिथली टीचर मॅटर्निटीवर गेली, मी आवर्ली पेड (तासावर पैसे) म्हणून शिरले, आठवड्याला दोन तास. हे मुख्य. मग आमच्या प्रॅक्टिसमधल्या तीन स्टुडंट आणि बाजूच्या दोन प्रॅक्टिसमधल्या चार अशा सात जणींचा गुरुवारी लंचमध्ये ऑस्की रिव्हिजनचा ग्रुप काढला, त्याचे तास ट्यूटरने मान्य केले कारण प्लॅन आणि हजेरी होती, पण हे आधी विचारून घेतलं होतं, नंतर विचारलं असतं तर नसते धरले. रिसेप्शनवाल्या आणि केअर असिस्टंटसाठी 'फोनवर इमर्जन्सी कशी ओळखायची' असं सहा आठवड्यांचं सेशन घेतलं, तेही चाललं. पपी क्लास मात्र नाही चालला! मी तर त्यावर फार भरवसा ठेवला होता. ट्यूटर म्हणाली, तुझे लर्नर कोण, कुत्रे का मालक? मी म्हटलं दोघं, ती म्हणाली क्वालिफिकेशन कुठलं देतेस त्यांना? संपलं.

तर क्रम असा ठेवा: आधी कॉलेजला ईमेल टाकून निदान आठवड्याचे दोन तास पक्के करा, एक मेंटॉर पक्का करा जो वेट नर्सिंग किंवा अ‍ॅनिमल केअर शिकवतो, मग फॉर्म भरा.

कॉलेज मला बिना क्वालिफिकेशनचं घेईल कशाला?

घेतात. वेट नर्सिंग शिकवायला आरव्हीएन मिळत नाहीत, प्रॅक्टिसलाच पुरत नाहीत तर कॉलेजला कुठून पुरणार. एईटी हातात असेल आणि आरव्हीएन असाल तर संध्याकाळच्या वर्गासाठी, ऑस्की प्रॅक्टिससाठी, मॅटर्निटी कव्हरसाठी बोलावणं येतं. ईमेल जानेवारी ते मे दरम्यान टाका, तेव्हा पुढच्या वर्षाचं टाइमटेबल ठरत असतं. ऑगस्टमध्ये टाकलात तर कोणी वाचत नाही.

रोटा (ड्युटीचं वेळापत्रक) कसा सांभाळला? आमच्याकडे तर ऑन-कॉल पण आहे.

खरं सांगू का, पहिले तीन महिने नाहीच सांभाळला. मंगळवारी साडेपाचला सुटायचं असायचं आणि पाच वाजून दहा मिनिटांनी गाडीखाली आलेलं कुत्रं यायचं. तुम्ही काय करणार, प्लॅस्टिकची बॅग घेऊन निघून जाणार? दोनदा मी वर्गाला उशिरा गेले, एकदा स्क्रबवर रक्ताचे डाग तसेच, मुलांना फार आवडलं, कॉलेजला नाही आवडलं.

मग हेड नर्सबरोबर बसून मंगळवार अर्ली शिफ्ट करून घेतली, साडेसात ते साडेतीन, वर्षभरासाठी, लेखी. बदल्यात मी महिन्यातला एक जास्तीचा शनिवार घेतला. तोंडी ठरवू नका, माणूस बदलतो आणि रोटा बनवणारा बदलला की सगळं पहिल्यापासून. नाइट करणाऱ्यांनी असाइनमेंट नाइटला लिहीन असं स्वप्न बघू नये, दोन वाजता डोकं फक्त टेम्परेचर लिहून घ्यायच्या लायकीचं असतं.

बॉसला कसं विचारायचं? नाही म्हणाले तर?

आधी हे माहिती असू द्या की ब्रिटनमध्ये 250 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीत 26 आठवडे काम झालं असेल तर ट्रेनिंगसाठी वेळ मागायचा कायदेशीर हक्क आहे. मागायचा हक्क, मिळायचा नाही, बिझनेसचं कारण दाखवून ते नाही म्हणू शकतात आणि त्या वेळेचे पैसे द्यायलाच पाहिजेत असंही नाही. पण आता कितीतरी प्रॅक्टिस मोठ्या ग्रुपच्या मालकीच्या आहेत त्यामुळे 250 चा आकडा सहज पार होतो आणि हे बऱ्याच नर्सेसना माहितीच नसतं.

विचारताना 'मला टीचर व्हायचंय' असं म्हणू नका, त्यांना ऐकू येतं 'मी सोडून चाललेय'. माझ्या एका आधीच्या मॅनेजरने तेच ऐकलं आणि सहा महिने माझा अर्ज ड्रॉवरमध्ये पडून होता. पुढच्या ठिकाणी मी म्हटलं, आपल्याला दोनच स्टुडंट घेता येतात कारण कोच कमी आहेत, मी हे केलं तर चौघी घेऊ आणि त्यांच्या पोर्टफोलिओचं काम वेळेत होईल. फीचे अर्धे पैसे पण दिले त्यांनी. मात्र कंपनी पैसे देते तेव्हा एक कागद सही करून घेते की इतके महिने सोडून गेलात तर परत द्यायचे, तो नीट वाचा.

पैसे किती लागतात?

एईटी आणि असेसरचं काहीशे पौंडात प्रत्येकी, ठिकाणानुसार खूप फरक पडतो. मोठा कोर्स हजारात जातो. युनिव्हर्सिटीच्या सर्ट-एड पीजीसीईला स्टुडंट फायनान्सचं लोन मिळू शकतं पण ते तुमच्या इथल्या राहण्याच्या स्टेटसवर आहे. आधीच कॉलेजात नोकरीला असाल तर लेव्हल 5 ची टीचर अप्रेंटिसशिप हा रस्ता आहे, त्यात फी तुमच्या खिशातून जात नाही.

व्हिसावर असाल तर दुसऱ्या ठिकाणी दोन तास शिकवायच्या आधीसुद्धा स्पॉन्सरला आणि सल्लागाराला विचारा. आवर्ली पेड म्हणजे पण नोकरीच असते. यात चान्स घेऊ नका.

दहावी-बारावी मराठी मीडियममधून. इंग्लिश आणि मॅथ्सचं काय?

मोठ्या कोर्सला साधारण जीसीएसई (इथली दहावी) ग्रेड 4 च्या तोडीचं इंग्लिश आणि मॅथ्स मागतात. दहावीची मार्कशीट यूके एनिककडे (परदेशी शिक्षण इथल्या कशाच्या तोडीचं ते सांगणारी संस्था) पाठवून कम्पॅरेबिलिटी मिळवता येते. नाहीच चाललं तर फंक्शनल स्किल्स लेव्हल 2 ची परीक्षा द्या, सरळ असते, ड्रिप रेट काढणाऱ्या बाईला मॅथ्स अवघड जाणार नाही. इंग्लिशला मी नको तेवढी घाबरले होते. उच्चारांवरून मुलं एकदा हसली, मी 'व्हेट' (जनावरांचा डॉक्टर) आणि 'वेट' (वजन) एकसारखं म्हणते म्हणून, तर मी फळ्यावर लिहिलं 'फर्स्ट द वेट, देन द व्हेट' आणि तोच वजन घ्यायचा धडा झाला.

भारतात बी.एड. केलंय, चालेल का?

बी.एड. शाळेसाठीचं. इंग्लंडमध्ये 2023 पासून भारतातल्या शिक्षकांना क्यूटीएससाठी (शाळेत शिकवायचा अधिकृत दर्जा) थेट अर्ज करता येतो पण विषयांची अट आहे, मॅथ्स, सायन्स, भाषा असं. ते शाळेत शिकवायला. एफई कॉलेजसाठी एनिकचा कागद काढून कॉलेजला दाखवा, काही ठिकाणी पुरेसं धरतात. एफईमधून वर जायचं तर क्यूटीएलएस नावाचं वेगळं स्टेटस असतं, लेव्हल 5 झाल्यावर बघा, आत्ता डोक्याला ताप नको.

डीबीएस (गुन्ह्यांच्या रेकॉर्डची तपासणी) लागतं का?

लागतं, एन्हान्स्ड, कारण वर्गात 16-17 वर्षांची मुलं असतात. भारतात राहिलेल्यांकडून बऱ्याच वेळा तिकडचं पोलीस क्लिअरन्स पण मागतात आणि त्याला वेळ लागतो, आधीच सुरू करा. सेफगार्डिंगचं ऑनलाइन ट्रेनिंग कॉलेज करून घेतं.

थिअरी फार असते का? मी दहा वर्षांत निबंध लिहिला नाही.

असते. ब्लूम, कोल्ब, गिब्स ही मंडळी भेटतात. गिब्सचं रिफ्लेक्शनचं चक्र नर्सेसना ओळखीचं असतं, कारण सीपीडीमध्ये (रजिस्टरवर राहायला दरवर्षी करायचं शिक्षण) आपण तसंच काहीतरी लिहितो. माझी पहिली असाइनमेंट परत आली, शेरा होता की हे क्लिनिकल नोट्ससारखं वाटतंय. खरंच होतं, मी लिहिलं होतं 'वर्ग शांत, प्रतिसाद नॉर्मल, कॉम्प्लिकेशन नाही'. नर्सला थोडक्यात लिहायची सवय असते आणि इथे मात्र तुम्हाला काय वाटलं, का वाटलं, पुढच्या वेळी काय बदलाल हे सविस्तर हवं असतं. वर्गातून आल्या आल्या बसमध्ये फोनवर मराठीत बोलून रेकॉर्ड करायचे मी, आणि रविवारी त्याचं इंग्लिश करायचे. खूप उपयोग झाला, कारण राग आला होता तो मराठीतच नीट सांगता येतो.

ऑब्झर्वेशनला फार भीती वाटते. मागे बसून काय बघतात?

तुम्हाला नाही बघत, मुलांना बघतात, हे मला तिसऱ्या ऑब्झर्वेशनला कळलं.

धडा होता ड्रिप रेटचा. 20 किलोचं कुत्रं, ताशी किलोमागे 2 मिली, म्हणजे तासाला 40 मिली. सेट 20 थेंबांचा (एका मिलीला 20 थेंब), म्हणजे तासाला 800 थेंब, मिनिटाला 13 च्या आसपास, साधारण साडेचार सेकंदाला एक. मी फळ्यावर एकेक पायरी छान मांडली, विचारलं समजलं का, सगळ्या म्हणाल्या हो. पुढे गेले. मागे बसलेल्या ट्यूटरने उठून एका मुलीच्या वहीत डोकावलं आणि परत येऊन बसली. नंतर मला म्हणाली, त्या मुलीने लिहिलंय मिनिटाला 800 थेंब.

मिनिटाला 800 म्हणजे नळच सोडला की कुत्र्यावर! आणि ती मुलगी मान हलवत होती, मी बघितली होती हलताना.

पुढच्या वेळी मी फळ्यावर काहीच लिहिलं नाही. वर्गात स्टँडवर खरी बॅग टांगली, खाली बादली, प्रत्येकीला छोटा व्हाइटबोर्ड दिला. आधी अंदाज लिहा, बाई, थेंब किती सेकंदाला पडेल? मग हिशोब करा. मग रोलर क्लॅम्प फिरवून घड्याळ लावून थेंब मोजा. ज्यांचं उत्तर 800 आलं त्यांनी स्वतःच क्लॅम्प पूर्ण उघडून बघितलं, धार लागली, हसून हसून पुरे, आणि तासाचं मिनिट करायला त्या परत कधी विसरल्या नाहीत. 'समजलं का' हा प्रश्न मी तेव्हापासून वर्गात विचारत नाही, आपल्याकडची असो की इकडची, पोरं हो म्हणतातच.

क्लिनिकमध्ये शिकवताना कायद्याचं काही बघावं लागतं का?

हो, हे नक्की वाचा. 1966 च्या व्हेटरनरी सर्जन्स अ‍ॅक्टच्या शेड्यूल 3 खाली आपल्याला जे करता येतं ते रजिस्टर्ड नर्सला आणि कोर्सला एनरोल झालेल्या स्टुडंट नर्सला, स्टुडंटला अर्थातच देखरेखीखाली. छोट्या सर्जरीसाठी तर सुपरव्हिजन प्रत्यक्ष, सलग आणि समोर उभं राहून हवी. हौशी केअर असिस्टंट, जिने अजून अ‍ॅडमिशन घेतलं नाही, तिला 'लाव गं एक कॅन्युला, शिकशील' असं प्रेमाने म्हणायचं नाही. तुमचं रजिस्ट्रेशन जाऊ शकतं. आणि पेशंटचे फोटो वर्गात दाखवायचे तर मालकाची परवानगी घ्या, कुत्र्याच्या कॉलरवर फोन नंबर असतो तो पण झाका.

हे सीपीडीत धरता येतं का?

आपल्याला वर्षाला 15 तास लागतात. कोर्समध्ये शिकलेलं तुमच्या कामाशी जोडून रिफ्लेक्शन लिहिलंत तर धरता येतं, एकट्या एईटीत वर्षाचा कोटा पुरा होतो. पण सगळे 15 तास टीचिंगचे करू नका, भूल आणि औषधं पण बदलत असतात.

स्कॉटलंड, वेल्समध्ये?

स्कॉटलंडमध्ये कॉलेज लेक्चररचं टीक्यूएफई असतं आणि जीटीसी स्कॉटलंडकडे (तिथली शिक्षकांची नोंदणी संस्था) रजिस्ट्रेशन. वेल्समध्ये एज्युकेशन वर्कफोर्स काउन्सिलकडे नाव नोंदवावं लागतं. कोर्स घेण्याआधी कुठे राहणार ते ठरवा.

मला युनिव्हर्सिटीत डिग्रीच्या मुलांना शिकवायचंय.

मग अ‍ॅडव्हान्स एचईची (युनिव्हर्सिटीत शिकवणाऱ्यांसाठीची संस्था) फेलोशिप बघा, असोसिएट फेलोपासून सुरू होते. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजचं व्हेटरनरी एज्युकेशनचं पोस्टग्रॅज्युएट सर्टिफिकेट आहे, नोकरी करत लांबून करता येतं. मी केलेलं नाही, आमच्या टीममधल्या एकीने केलंय, ती खूश आहे.

पगार वाढतो का? प्रॅक्टिस सोडावी का?

फार नाही वाढत. पण ऑन-कॉल नाही, एफई कॉलेजात टीचर्स पेन्शन आहे, ख्रिसमसला घरी असता. तोटा असा की मार्किंग घरी येतं आणि ईमेल रविवारी. मी पूर्ण सोडलं नाही. शुक्रवारी क्लिनिकला जाते, हात चालू राहतात आणि सोमवारी वर्गात सांगायला ताजं काहीतरी असतं. रजिस्टरवरचं नाव मात्र चालू ठेवा, मोठा गॅप पडला की परत यायला देखरेखीखाली काम करून दाखवावं लागतं.

मुलं आहेत, नवरा शिफ्टमध्ये, जमेल का?

माझा मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता. मंगळवारी शेजारच्या गुजराती काकी बघायच्या त्याला. घरात सगळ्यांना एक दिवस ठरवून द्या आणि तो दिवस कोणाच्या वाढदिवसासाठीही हलवू नका. बाकी खिचडी.

ती खेळण्यातली मांजरं कुठे मिळाली?

चॅरिटी शॉपमध्ये, दोन-दोन पौंडाला. थोडी जड बघून घ्या, हलकी असतील तर टॉवेलमध्ये ग्रिप कळत नाही, मी पोटात तांदूळ भरून शिवली. धुवायच्या आधी तांदूळ काढा. मी नव्हते काढले.